साथसंगत कोणाची होती?

(आकाशवाणीच्या महासंचालकांना खुले पत्र)

मा. महासंचालक,
आकाशवाणी, नवी दिल्ली



आकाशवाणीच्या कोणत्याही केंद्रावर शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम संपला की निवेदक सगळ्यांची नावे सांगतो. गायन कोणाचे झाले, तबल्यावर कोण होते, हार्मोनियम किंवा सारंगी कोणाची, तानपुऱ्यावर साथ कोणी केली. कार्यक्रम पंधरा मिनिटांचा असो वा तासाभराचा, ही नावे गाळली जात नाहीत. कितीतरी श्रोत्यांना तबलजींची आणि सारंगियांची नावे पाठ झाली ती याच निवेदनांमुळे. त्यानंतर दहाच मिनिटांनी त्याच केंद्रावर एखादे चित्रपटगीत किंवा भावगीत लागते. गीतकार, संगीतकार, गायक अशी तीन नावे येतात आणि गाणे सुरू होते. त्या गाण्यात व्हायोलिनचा आख्खा ताफा असतो, बासरी असते, ढोलक असते, या सगळ्यांचे संगीत कागदावर उतरवून देणारा संगीत संयोजक असतो. त्यांतले एकही नाव येत नाही.

एकाच घरात अशा दोन रीती आहेत. शास्त्रीय मैफलीत साथीदार गायकाच्या शेजारी बसतो, लोकांना दिसतो, एखाद्या समेवर त्यालाही दाद मिळते. ध्वनिमुद्रित गाण्यातला वादक कोणाला दिसत नाही, म्हणून तो नावालाही उरत नाही. हयातीत हे जितके बोचते, त्याहून अधिक तो गेल्यावर बोचते. गेलेल्या कलावंतांची आठवण या देशात सर्वात नेमाने कोणी काढत असेल तर ती आकाशवाणी. म्हणूनच हे पत्र गाण्यांच्या एखाद्या खासगी ॲपला न लिहिता आपल्याला लिहिले आहे.

ऑक्टोबर महिन्याचेच पाहा. १३ ऑक्टोबर हा किशोरकुमार यांचा स्मृतिदिन. १९८७ साली ते गेले आणि तेव्हापासून त्या दिवशी देशभर त्यांची गाणी वाजतात. 'आराधना' (१९६९) त्यातून सहसा सुटत नाही. त्या चित्रपटातले पावसाळी रात्रीचे गाणे दिग्दर्शक शक्ती सामंत यांनी मध्ये एकही कट न घेता चित्रित केले, ही गोष्ट निवेदक आवर्जून सांगतात आणि ती सांगण्याजोगीच आहे. पण डोळे मिटून ऐकणाऱ्याला त्या गाण्यात कॅमेरा दिसत नाही. त्याला अकॉर्डियन ऐकू येते. आवाज थांबला की मधली जागा ते भरून काढते, तो परत आला की जरा मागे सरते. त्या गाण्यात जी धग आहे तिचा फार मोठा वाटा त्या अकॉर्डियनचा आहे. ते केरसी लॉर्ड यांनी वाजवले. त्यांचे वडील कावस आणि भाऊ बुजी हेही मुंबईच्या स्टुडिओंतले नामांकित तालवादक. एका पारशी घरातली ही तीन माणसे हिंदी चित्रपटसंगीताच्या कित्येक दशकांत ऐकू येतात. केरसी लॉर्ड १६ ऑक्टोबर २०१६ रोजी गेले. किशोरकुमारांच्या स्मृतिदिनानंतर तीनच दिवसांनी त्यांचा स्मृतिदिन येतो. गाणे तेच आहे, ते आपल्या संग्रहात आहे आणि तीन दिवसांपूर्वी वाजलेलेही आहे. केरसी लॉर्ड यांच्या नावाने ते पुन्हा लावायला कोणती अडचण असावी?

१८ जानेवारीचीही अशीच जोडी आहे. १९४७ साली त्या दिवशी कुंदनलाल सैगल गेले. रेडिओ सिलोनने पुढे दशकानुदशके आपला सकाळचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आठ वाजायच्या सुमारास सैगल यांच्या गाण्याने संपवला. रोज, न चुकता. ज्यांनी सैगल यांना हयातीत कधी ऐकले नव्हते, अशा दोन-तीन पिढ्यांना तो आवाज ओळखीचा झाला तो या एका नेमामुळे. रेडिओने मनावर घेतले तर गेलेल्या माणसाला किती काळ लोकांत ठेवता येते, याचे याहून ठसठशीत उदाहरण दुसरे नाही.

त्याच १८ जानेवारीला, २०१२ साली, गोव्यात अँथनी गोन्साल्विस यांचे निधन झाले. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) पाहिलेल्या बहुतेकांना हे नाव कथेतल्या नायकासाठी बनवलेले वाटते. प्रत्यक्षात हा माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे दोघेही त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात आपल्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला. भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांना एकत्र आणणाऱ्या त्या रचनांत लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते. साठीच्या दशकाच्या मध्यावर ते अमेरिकेला गेले, परतल्यावर चित्रपटसृष्टीकडे फिरकले नाहीत आणि गोव्यात शांतपणे राहिले. शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचे नाव घालून ठेवले, देशातल्या पोरासोरांच्या तोंडी ते नाव गेले, आणि तरीही त्यामागचा माणूस कोणाला माहीत झाला नाही. रेडिओवर ते गाणे शेकडो वेळा लागले असेल. त्याआधी एक वाक्य जरी कोणी बोलले असते तरी पुरले असते.

या वाक्याची गरज का आहे, हे समजायला त्या काळी गाणे कसे होत असे ते आठवावे लागते. संगीतकार पेटीवर चाल बांधे. त्यानंतर संगीत संयोजक कामाला लागे. सुरुवातीचे संगीत, दोन अंतऱ्यांमधले तुकडे, गायकाच्या ओळीखालून समांतर जाणारी व्हायोलिनची दुसरी सुरावट, चेलो कुठे येणार आणि ट्रम्पेट कुठे थांबणार, हे सगळे स्टाफ नोटेशनमध्ये लिहिले जाई. वादकांपुढे कागद ठेवले जात. गोव्याच्या चर्चच्या संगीतशाळांत लहानपणीच नोटेशन शिकलेले वादक ते पहिल्याच नजरेत वाजवत. देशी वाद्यांची मंडळी आपापल्या वहीत सरगम लिहून घेत. ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब अशा स्टुडिओंत सगळे एका छताखाली जमत आणि आख्खे गाणे एका दमात मुद्रित होई. ट्रॅक वेगवेगळे नसत. कोण किती मोठ्याने ऐकू यावा हे माइकपासूनच्या अंतरावर ठरे. 'महल' (१९४९) मधल्या गाण्याच्या वेळी लताबाईंना दुरून गात गात माइकजवळ यायला सांगितले होते, ती आठवण त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. शेवटच्या कडव्यात एखाद्या वादकाचा सूर निसटला की गायकासकट सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. इतके ते एकमेकांत गुंतलेले असत. तबकडीवर मात्र त्यांतले एक-दोघेच पोहोचत.

बाकीचे कोण होते? शंकर-जयकिशन यांच्या वाद्यमेळाला जो भरदारपणा आहे तो लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. सी. रामचंद्र हे पुणतांब्याचे मराठी माणूस, आणि 'अलबेला'त (१९५१) त्यांच्या मदतीला होते हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. त्यांचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. भगवानदादांच्या त्या चित्रपटात ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. लाखो लोकांनी त्यांना पाहिले आहे आणि हा कोण हे कोणी विचारलेले नाही. 'आवारा'तल्या (१९५१) स्वप्नदृश्यात जे ढोलक घुमते ते लाला गंगावणे या मराठी ढोलकीवाल्याच्या हातचे. शंकर-जयकिशन यांचे सहायक दत्ताराम वाडकर हेही गोमंतकीय. त्यांच्या खास वजनाच्या ठेक्याला वादकांनीच 'दत्ताराम ठेका' म्हणायला सुरुवात केली आणि २००७ मध्ये ते गेले तरी तबलेवाले आजही तो त्याच नावाने वाजवतात. त्या नावाला ना तबकडीने टिकवले ना रेडिओने. ते वादकांनी वादकांसाठी जपले.

साथीदाराचे नाव लक्षात ठेवणे मराठी रसिकाला काही नवे नाही. बालगंधर्वांच्या नाटकांबद्दल बोलताना जुनी माणसे अहमदजान थिरकवाँ तबल्यावर होते, कादरबक्ष सारंगीवर, हे सांगितल्याशिवाय पुढे जात नसत. नाटक पाहायला आलेला प्रेक्षक पडदा उघडायच्या आधी साथीला कोण बसले आहे ते पाहून घेई. संगीत नाटक उताराला लागले आणि गाणे स्टुडिओत गेले, तेव्हा ही सवयच मोडली.

आणि आपल्या संस्थेचे स्वतःचे देणे तर फार मोठे आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, सीताकांत लाड यांची कल्पना आणि पाठपुरावा. वर्षभरात छप्पन्न गीते झाली. कोणत्या आठवड्यात कोणते गीत कोणी गायले, याच्या याद्या रसिकांनी जपून ठेवल्या आहेत. त्या गीतांना साथ कोणी केली, ही यादी किती जणांनी पाहिली असेल? फडक्यांचे सहायक आणि व्हायोलिनवादक प्रभाकर जोग यांचे नाव तरी लोकांना माहीत आहे, कारण पुढे ते स्वतः नामवंत संगीतकार झाले आणि व्हायोलिनमधून शब्द ऐकू यावेत असे वाजवण्याची 'गाणारे व्हायोलिन' ही त्यांची ओळख घरोघरी पोहोचली. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पण ज्यांचे असे 'पुढे' काही झाले नाही, जे वाद्य पेटीत ठेवून घरी गेले आणि निवृत्त झाले, त्यांचे काय? ती माणसे आकाशवाणीचीच होती. कोणी नोकरीत होते, कोणी करारपत्रावर येत. १९५२ मध्ये पंडित रविशंकर यांच्या हाताखाली 'वाद्यवृंद' उभा करणारी, १९५६ मध्ये पन्नालाल घोष यांना त्याची धुरा देणारी हीच संस्था. वादकांची किंमत आकाशवाणीला कळत नव्हती असे कोण म्हणेल?

आपल्याकडे याला एक उत्तम पूर्वोदाहरणही आहे. वर उल्लेख आलेल्या 'महल'मधल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असे नाव छापले होते. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव. रेडिओवर गाणे वाजू लागले आणि ही कामिनी कोण, अशी श्रोत्यांनी विचारणा सुरू केली. मग कंपनीकडून खरे नाव मिळवून ते सांगण्यात आले. लता मंगेशकर हे नाव देशाला कळले त्यात श्रोत्यांच्या त्या चौकशीचा वाटा आहे. त्या गाण्याचे संगीतकार खेमचंद प्रकाश हे यश पुरते पाहायलाही राहिले नाहीत; चित्रपट आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये ते गेले. त्या काळी पार्श्वगायकाचे नाव सांगायची रीत नव्हती. रेडिओने विचारले आणि रीत पडली. आज गायकाचे नाव न सांगणारे निवेदन आपल्याला अर्धवट वाटेल. वादकाच्या बाबतीतही एवढेच व्हायला हवे आहे.

नियम बदलत नाहीत असेही नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले होते, ते पुढे उघडले. बाळकृष्ण केसकर मंत्री असताना चित्रपटगीतांनाच रजा मिळाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आपण त्यांना परत बोलावले. या दोन निर्णयांपुढे निवेदनात एका वाक्याची भर ही किती लहान गोष्ट आहे.

कायद्याकडे पाहावे तर तिथे अर्धेच दार उघडे आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलावंताला आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा नैतिक अधिकार मिळाला आणि कलावंताच्या व्याख्येत वादकही येतो. पण त्याच दुरुस्तीत एक मेख आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा कुठेच दिले जात नाही, त्याला या अधिकारासाठी कलावंत मानलेले नाही. रिवाजाने ज्याचे नाव गाळले, त्याच्या विरोधात तोच रिवाज पुरावा ठरू शकतो. म्हणून रिवाज बदलणे महत्त्वाचे, आणि देशात असा रिवाज पाडण्याची ताकद ज्या मोजक्या संस्थांत आहे त्यांत आकाशवाणी पहिली.

दोन हरकती घेतल्या जातील. एक वेळेची. प्रत्येक गाण्याआधी पन्नास नावे वाचा, असे कोणी म्हणत नाही. संगीत संयोजक आणि ज्याच्या वाद्यावर गाणे उभे आहे असा एखादा प्रमुख वादक, एवढी दोन नावे घ्यायला पाच-सात सेकंद लागतात.

दुसरी हरकत खऱ्या अडचणीची आहे. नावे खरी कशावरून? वादकांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत, एकाच तुकड्यावर दोघे-तिघे हक्क सांगतात, आणि कानही फसवतो. 'नागिन' (१९५४) मधली बीन ऐकून देशभर लोक डोलले. ती बीन नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर आणि रवी यांनी हार्मोनियमवर मिळून तो आवाज उभा केला होता. दोघेही पुढे स्वतः संगीतकार झाले म्हणून ही हकीकत बाहेर आली. दोघेही नुसते वादकच राहिले असते तर आजही आपण कुठल्या तरी गारुड्याला श्रेय देत बसलो असतो. तेव्हा जिथे कागद आहे तिथे खात्रीने सांगावे, जिथे फक्त वादकाची किंवा त्याच्या सहकाऱ्यांची आठवण आहे तिथे 'सांगण्यात येते' असे म्हणावे, आणि जिथे काहीच नाही तिथे गप्प राहावे. आकाशवाणीच्या वृत्तविभागाला ही शिस्त नवी नाही.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते. सुरुवात आपल्याच ध्वनिमुद्रणांपासून व्हावी. बाहेरच्या कंपनीच्या तबकडीवर कोण वाजवत होते हे शोधणे कठीण, पण आकाशवाणीच्या स्टुडिओत झालेल्या भावगीताला, लोकगीताला, संगीतिकेला बसलेल्या वादकाला करारपत्र गेले होते आणि मानधनही दिले गेले होते. ते कागद जिथे उरले असतील तिथे ते ध्वनिफितीशी जोडून ठेवावेत. मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजी या चार केंद्रांपुरता जरी हा प्रयोग झाला तरी मराठी आणि कोकणी संगीताचा मोठा भाग हाती लागेल. पणजी केंद्राला तर यात विशेष काम आहे. मुंबईच्या स्टुडिओंत उमेदीची वर्षे घालवून म्हातारपणी गावी परतलेल्या वादकांची घरे गोव्यात आहेत, त्यांच्या ट्रंकांत नोटेशनचे कागद असू शकतात. संगीतकार ख्रिस पेरी २००२ मध्ये गेले. त्यांची कोकणी गाणी लॉर्नाच्या आवाजात आजही लग्नाकार्यात वाजतात, पण त्यांच्या बँडमध्ये कोण कोण होते हे सांगू शकणारी माणसे किती उरली असतील?

जी उरली आहेत त्यांच्याकडे आधी पोहोचायला हवे. साठ-सत्तरच्या दशकांत वाजवणारे वादक आज ऐंशीच्या घरात आहेत. मुंबईतल्या चित्रपट-वादकांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या कामाचा इतिहास ग्रंथरूपाने मांडण्याचे मोठे काम ग्रेगरी बूथ यांनी केले, २००८ मध्ये. आणि ते आहेत न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाचे. त्यांचे ऋण मानायलाच हवे. पण तो आवाज, म्हणजे वादकांनी आपल्या तोंडून, वाद्य हातात घेऊन, 'हा तुकडा मी असा वाजवला होता' हे सांगणे, पुस्तकात येत नाही. ते रेडिओचे काम आहे. प्रत्येक केंद्राकडे ध्वनिमुद्रक आहे, निवेदक आहे, स्टुडिओ आहे. वादकाला यायला जमत नसेल तर ध्वनिमुद्रक घेऊन त्याच्या घरी जाता येते.

स्मृतिदिनांच्या यादीतही भर घालावी. केंद्राकेंद्रांवर गायक-संगीतकारांच्या तारखांची जी यादी असते तिच्यात १८ जानेवारीला सैगल यांच्याखाली अँथनी गोन्साल्विस, १३ जुलैला सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग (ते २०१० मध्ये गेले), १६ ऑक्टोबरला केरसी लॉर्ड, ३१ ऑक्टोबरला प्रभाकर जोग एवढी चार नावे आजच लिहिता येतील. प्रत्येकासाठी वेगळा कार्यक्रम नकोच. नेहमीच्या कार्यक्रमातले एक गाणे त्यांच्या नावाने लावावे, आणि त्याआधी श्रोत्यांना इतकेच सांगावे की आज अमुक वाद्याकडे लक्ष द्या. पुढची नावे श्रोतेच कळवतील. फर्माइशीची पत्रे पाठवायला थकत नसलेला हा श्रोतृवर्ग आहे. त्यातले कित्येक जण गाण्याच्या पहिल्या दोन सुरांवरून वादक ओळखतात, आणि आपल्या या वेडाचा कोणाला उपयोग होईल असे त्यांना आजवर कोणी सांगितलेले नाही.

यांतले कोणते काम कोणत्या केंद्राकडे आणि कधीपासून देता येईल, हे आपण जाहीरपणे कळवावे ही विनंती. निवृत्त वादकांच्या मुलाखतींचे काम सर्वात आधी हाती घ्यावे. कागद आणखी वर्षभर थांबू शकतील.

कळावे,
आकाशवाणीचे श्रोते